८१ किलो वजा: सांगली, औंध, कास, कोयना

पहिला दिवस: सांगली ते औंध

आधी वजनाचा हिशेब मांडतो, कारण मोठी मोटरसायकल देऊन हलकी का घेतली, याचं उत्तर त्यातच आहे. आधीची गाडी रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५०, वजन २४१ किलो. आताची टीव्हीएस रोनिन, २२५.९ सीसी, वजन १६० किलो. फरक ८१ किलोचा. उभा जन्म साखर कारखान्याच्या लॅबोरेटरीत गेला, त्यामुळे मला हे वजन पोत्यांत कळतं: ५० किलोच्या दीड पोत्याहून जास्त.

मोठी गाडी निवृत्तीच्या पैशातून हौसेनं घेतली होती आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हायवेला ती मांडी घालून बसल्यासारखी चालायची. ४७ पीएसची ताकद, ओव्हरटेक करताना गिअर बदलायचीही गरज नाही. पण गाडी चालवणं वेगळं आणि गाडी हलवणं वेगळं. पार्किंगमधून मागे ढकलणं, उतारावर तोंड करून उभी राहिली तर पुन्हा वर ओढणं, अरुंद रस्त्यावर वळवून घेणं, ही कामं इंजिन करत नाही, गुडघे करतात. माझ्या गुडघ्यांची डॉक्टरांच्या भाषेत ‘झीज’ झालेली आहे. वय ६४.

शोरूममध्ये बुटकी सीट फसवते, हे इथंच सांगून टाकतो. मोठ्या गाडीची सीट ७४० मिलिमीटरवर, दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकतात, माणसाला वाटतं आपल्याला झेपणार. सरळ उभी आहे तोवर झेपतेच. एकदा का ती थोडी कलली, की टेकलेल्या पायाला २४१ किलो काय असतात ते समजतं. रोनिनची सीट ७९५ वर, म्हणजे ५५ मिलिमीटर उंच. माझी उंची बेताची, टाचा पुरत्या टेकत नाहीत, चवड्यांवर भागतं. तरीही कलली तर एका पायानं सावरते. साठीनंतर गाडी बघायला जाणाऱ्यानं सीटची उंची दुसऱ्यांदा विचारावी, वजन पहिल्यांदा.

मोठी गाडी मेहुण्यानं घेतली. घरातच राहिली म्हणून मीही फार घासाघीस केली नाही. तर या फेरीत त्या गाडीवर मेहुणा आणि रोनिनवर मी, अशी आमची वरात सकाळी विश्रामबागहून निघाली. कार्तिक सरत आलेला, कृष्णाकाठावर धुकं, आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या भागात दुचाकीवाल्यानं डोळ्यात तेल घालून चालवावं लागतं. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर असेलच असं नाही, आणि वळणावर सांडलेली उसाची टिपरं. टिपरू चाकाखाली आलं की गोल फिरतं. ओलं पाचट त्याहून वाईट.

तासगावात गणपतीचं दर्शन बाहेरूनच घेतलं. परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेलं देऊळ, त्याला दक्षिणेकडच्यासारखं सात मजली गोपूर. दक्षिणेत मोहिमा करून आलेल्या सरदारानं डोळ्यांनी पाहिलेलं गावी आणून उभं केलं. पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा. ऑक्टोबर छाटणी होऊन वेली पुन्हा फुटलेल्या, आणि बागायतदाराचं लक्ष ढगांकडं. या दिवसांत त्याला हवामान सोडून काहीही विचारू नये.

विट्यात चहा. विटा म्हणजे गलाईवाल्यांचं गाव. सोनं-चांदी गाळणारे इथले कारागीर देशभरातल्या सराफ बाजारांत पोचलेत. हॉटेलात शेजारी बसलेले एक गृहस्थ सुट्टीवर आलेले, कोइमतूरला दुकान. ते बाहेर येऊन दोन्ही गाड्या बघून म्हणाले, “ही मोठी कुणाची?” मेहुण्यानं छाती फुगवली. मग माझ्याकडं वळून, “आन ही पोराची आणली का?”

“नाही, माझीच.”

“बरं केलं,” म्हणाले. “माझा साडू मोठी घेऊन बसलाय. रविवारी फक्त पुसतो.”

विट्याच्या पुढं मायणीकडं जाताना टेंभू योजनेचा कालवा लागतो. पूर्वी कारखान्याच्या कामानं या भागात यायचो तेव्हा कुसळं आणि बोरीबाभळी. आता ऊस. कालव्याच्या कडेनं एक मातीचा रस्ता आत गेलेला दिसला आणि मी काही विचार न करता गाडी आत घातली. अर्धा-एक किलोमीटर आत जाऊन बंधाऱ्याजवळ थांबलो, पाणी बघितलं, तिथंच वळवून परत आलो. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण मोठ्या गाडीवर मी असं थांबायचंच सोडून दिलं होतं. थांबायचं म्हटलं की आधी मनात नकाशा काढायचो: जागा सपाट आहे का, स्टँडखाली माती भुसभुशीत आहे का, वळवता येईल का, ढकलायला कुणी आहे का. एवढं होईपर्यंत ती जागा मागं पडलेली असायची. शेवटी मी फक्त पेट्रोल पंपावर आणि मोठ्या हॉटेलांच्या फरसबंद अंगणात थांबायला लागलो. घरी येऊन लोकांना सांगायचो, अमुक ठिकाणी जाऊन आलो. पाहिलेलं असायचं ते पंपाचं.

मेहुणा हायवेच्या कडेलाच उभा राहिला होता. “दाजी, काय होतं आत?”

“पाणी.”

“एवढंच?”

“आणि एक किंगफिशर.”

मायणीच्या तलावावर थोडा वेळ काढला. हिवाळ्यात इथं रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात म्हणून पक्षीवाले दुर्बिणी घेऊन फिरतात. आम्हाला बगळे आणि पाणकावळे भेटले, रोहितांनी अजून मुक्काम टाकला नव्हता. वडूज मागं टाकून दुपारी उशिरा औंध गाठलं.

औंधला यमाई डोंगरावर. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, चढ उभा. मी दुसऱ्या गिअरात सावकाश गेलो. वर गाड्या लावायच्या जागेला चांगलाच उतार, आणि मेहुण्यानं तिथं तोंड उताराकडं करून गाडी लावली. या चुकीचा निकाल दर्शन घेऊन आल्यावर लागला. मागं भिंत, पुढं उतार, शेजारी भाविकांची जीप. रिव्हर्स गिअर नसलेली २४१ किलोची गाडी चढावर मागं ओढायची. दोन तरुण पोरं, नारळवाला आणि मी, असे चौघं लागलो. नियम साधा आहे: गाडी कितीही किलोची असो, नाक नेहमी चढाकडं किंवा बाहेर पडायच्या वाटेकडं. हलक्या गाडीला हा नियम मोडला तर दंड कमी बसतो, एवढंच.

डोंगराच्या अंगालाच श्री भवानी संग्रहालय. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभं केलेलं. खेडेगावात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं शिल्प बघायला मिळतं, यावर माझ्या मुंबईच्या भाच्याचा अजून विश्वास बसत नाही. हेच राजेसाहेब सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. स्वतः रोज घालायचे, संस्थानातल्या शाळांतून घालून घ्यायचे. संग्रहालयाच्या पायऱ्या उतरताना कठडा धरून मी मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

मुक्काम औंधजवळच्या एका वाडीत, कारखान्यात माझ्याबरोबर पॅनमन म्हणून काम केलेल्या अण्णांकडं. पॅनमन म्हणजे रसाचा पाक उकळून त्याला दाणा धरायला लावणारा माणूस. यंत्रं कितीही आली तरी काचेवर नमुना घेऊन डोळ्यानं दाणा ओळखणारी ही जमात. अण्णांनी रोनिनच्या टाकीवर थाप मारली, हँडल धरून डावी-उजवीकडं हलवून बघितली आणि निकाल दिला, “सायेब, ही बरी. ती दुसरी गाडी न्हाई, म्हस हाय.” जेवायला बाजरीची भाकरी, खर्डा आणि वरणं. रात्री खटावातली थंडी अशी पडली की दोन वाकळा अंगावर घेऊनही मेहुणा कुरकुरत होता.

दुसरा दिवस: औंध ते सातारा, वर कास आणि बामणोली

रहिमतपूरमार्गे साताऱ्याला सकाळी लवकर पोचलो. या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ऊन वर येईपर्यंत बोटं आखडली होती आणि क्लच हलका असल्याचं महत्त्व तेव्हा पटलं. मोठ्या गाडीचा क्लच गावातल्या गर्दीत माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी जो सणका भरायचा, तो इथं नाही.

लॉजवर पिशव्या टाकून यवतेश्वर घाटाकडं वळलो. सामानाबद्दल इथं सांगतो. हलक्या गाडीवर सामान जड घेतलं तर हलकेपणाचा निम्मा फायदा गेला. मोठ्या गाडीला दोन्ही बाजूंना पेट्या होत्या आणि मी त्या भरायचो, कारण त्या होत्या. आता मागच्या सीटवर एकच पिशवी: दोन शर्ट, स्वेटर, रेनकोट, गोळ्या, पंक्चरचं सामान, हवा मारायचा छोटा पंप. जड वस्तू खाली आणि पाठीला लागून, हलक्या वर. गरम पाण्याची रबरी पिशवीही आहे, गुडघ्यांसाठी. हसायचं असेल त्यानं हसावं. मेहुणा हसला, आणि दुसऱ्या रात्री त्यानंच ती मागून घेतली.

यवतेश्वरचा घाट फार लांब नाही, पण वळणं आवळलेली आहेत आणि डाव्या हाताची चढाची वळणं हळू वेगात घ्यावी लागतात. जड गाडीची परीक्षा अशाच जागी असते. वेग पंधरा-वीसवर आला, समोर एसटी आली, अर्ध्या वळणात थांबावं लागलं आणि पाय टेकायला गेला तर आतल्या बाजूला जमीन खोल. मागच्या वर्षी मी मोठी गाडी घेऊन इथं आलो होतो तेव्हा अशा प्रत्येक वळणाआधी पोटात गोळा यायचा आणि डोळे रस्त्याच्या कडेवर खिळायचे. या वेळी घाटातून खाली सातारा दिसतो आणि पलीकडं अजिंक्यतारा आडवा पसरलेला दिसतो, हे मी बघितलं. दोनदा थांबून.

कासला आता फुलं नव्हती. फुलांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तेव्हा इथं गाड्यांची रांग लागते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला आणि मग जो तो इकडं धावला. कार्तिकात पठारावर नुसतं सोनेरी गवत, काळा कातळ आणि वारा. माझ्या मते कास बघायची ही चांगली वेळ आहे, कारण या खडकावर माती किती पातळ आहे ते आत्ताच दिसतं. बोटभर मातीवर एवढा बहर येतो आणि आपण त्यावर पाय देऊन फोटो काढतो. तलावावर थांबलो. सातारकरांचं पाणी इथूनच खाली जातं.

कासहून बामणोलीचा रस्ता उतरताना अरुंद होतो. समोरून पर्यटकांची गाडी आली की आपण साइडपट्टी उतरायची, ती गेली की पुन्हा डांबरावर चढायचं. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात काही ठिकाणी चार बोटांची उडी. मोठ्या गाडीवर मी साइडपट्टी उतरायला नाखूश असायचो, मग समोरच्याशी हॉर्नची भांडणं. या वेळी मीच आधी उतरून उभा राहत होतो आणि समोरचे लोक हात करून जात होते. स्वभाव सुधारला नाही, वजन कमी झालं.

बामणोलीला शिवसागर जलाशयाच्या काठावर भाकरी-पिठलं खाल्लं. इथून लाँच वासोट्याला आणि तापोळ्याकडं जातात. धक्क्यावरच्या एका लाँचवाल्यानं मेहुण्याच्या गाडीजवळ उभं राहून फोटो काढून घेतला. माझ्या गाडीजवळ कुणी फोटो काढत नाही. हा बदल निवृत्त माणसाला थोडा जाणवतो, खोटं कशाला बोलू. मोठी गाडी गावात शिरली की पोरं जमायची, ‘काका, केवढ्याची?’ म्हणायची. रोनिनला कुणी केवढ्याची विचारत नाही, किती देते विचारतात. चाळीसच्या आसपास देते म्हटलं की माना डोलावतात. टाकी १४ लिटरची, म्हणजे साताऱ्यातून निघालो तर पेट्रोलची चिंता घरी गेल्यावर.

संध्याकाळी मोती चौकातून कंदी पेढे घेतले. खवा लालसर होईपर्यंत भाजलेला, त्यामुळे चार-आठ दिवस टिकतो, प्रवासाला बरा. साखर बेताची. पोटापुरती साखर आयुष्यभर तयार केल्यामुळे कमी गोडाचं मला कौतुक आहे.

अंधार पडायच्या आत खोलीत परत. हा माझा सध्याचा कायदा. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजवा रांगेत आहे, आणि समोरच्या एलईडी दिव्यांनी रात्री सगळं पांढरं होतं. तसंही सरकारनं आपल्याला वेळापत्रक लावून दिलेलंच आहे: चाळिशीनंतर लायसन्सच्या नूतनीकरणाला डॉक्टरांचा १-अ नमुन्यातला दाखला, आणि पंचावन्ननंतर मुदत पाचच वर्षांची. माझं गेल्याच वर्षी झालं. डॉक्टर ओळखीचे, सही करायच्या आधी त्यांनी मला खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखवायला लावलं. ही तपासणी अर्जात कुठं लिहिलेली नाही, पण मला ती बाकीच्या सगळ्यांपेक्षा पटली.

तिसरा दिवस: सातारा, चाफळ, सडावाघापूर, कोयनानगर

सज्जनगड खालूनच हात जोडून सोडला, पायऱ्यांचा विचार होता. हायवेनं उंब्रजपर्यंत. पुणे-बंगळूर हायवेचं सहापदरीकरण चाललेलं आहे, त्यामुळे वळसे, खडी, मध्येच संपणारा डांबराचा थर. या टप्प्यावर हलक्या गाडीचा तोटाही सांगायला हवा. शेजारून कंटेनर सुटला की वाऱ्याचा धक्का बसतो आणि गाडी हातभर सरकते. मोठी गाडी ढिम्म हलत नसे. २०.४ पीएसच्या इंजिनाला ओव्हरटेक करायचं तर आधी गिअर उतरवायचा, जागा मोजायची, मग निघायचं. मी ८० ते ८५ वर डाव्या लेनमध्ये राहिलो. मेहुणा पुढं निघून जायचा आणि दर पुलाखाली वाट बघत उभा असायचा, हेल्मेट काढून, कंटाळलेला. ज्याला रोज हायवेनं पाचशे किलोमीटर तोडायचेत त्यानं माझं ऐकू नये.

उंब्रजहून चाफळ. समर्थ रामदासांनी १६४८ मध्ये इथं रामाची स्थापना केली. सकाळची वेळ, देवळात चार माणसं, मांड नदीला थोडं पाणी. इथून वर सडावाघापूरच्या पठारावर चढणारा रस्ता धरला. पावसाळ्यात पठाराच्या कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्यानं उलटं वर येतं, तो ‘उलटा धबधबा’ बघायला झुंबड उडते. आता पाणी नाही, झुंबड नाही.

चढावर एका ठिकाणी पावसानं रस्ता धुऊन नेलेला, डागडुजीची मोकळी खडी टाकलेली, आणि नेमकं वळण. मी पुढं होतो. पहिल्या गिअरात, क्लच अर्धा, नजर वळणाच्या पलीकडं, मागचं चाक थोडं डावी-उजवी झालं, निघालो. वर जाऊन थांबलो तर मागं आवाज बंद. चालत खाली आलो. मेहुणा वळणाच्या मधोमध दोन्ही पाय पसरून उभा, पुढचा ब्रेक दाबलेला, गाडी उजवीकडं कललेली आणि तोंड लाल. सोडली तर मागं घसरते, न सोडता मांडी थरथरतेय. “दाजी, धरा,” एवढंच म्हणाला. मी धरेपर्यंत ती हळूच, अगदी आदबीनं, उजव्या अंगावर झोपली. त्यानं पाय वेळेत काढला. क्रॅशगार्डनं भार घेतला, आरशाला ओरखडा, बाकी काही नाही. खडी आणि चढ, दोष कुणाचाच नाही.

आता उचलायची. पद्धत अशी: आधी इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये टाकायची म्हणजे उभी राहताना पळत नाही. उजव्या अंगावर पडलीय म्हणून डावीकडचा साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे पलीकडं गेली तरी टेकेल. मग गाडीकडं पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्या हातात मागचा दांडा, पाठ ताठ, आणि मागं मागं छोटी पावलं टाकत पायांच्या जोरावर रेटायचं. कमरेतून वाकून उचलायला गेलं की थेट हाडवैद्य. मेहुणा ५२ चा, रोज तालमीत जाणारा. पहिल्या खेपेला पाय खडीवरून सटकले. दुसऱ्या खेपेला मी मागून दांडा धरला, तेव्हा उठली. त्यानंतर दोघंही कठड्यावर बसून पाणी पीत राहिलो, बोललो नाही.

रोनिन घेतली त्या आठवड्यात मी हे अंगणात करून बघितलं होतं. जुनी गादी टाकून गाडी तिच्यावर आडवी केली आणि एकट्यानं उचलली. सौ. खिडकीतून बघत होती. तिला वाटलं पडलो, ओरडत बाहेर आली. मी म्हटलं मुद्दाम पाडलीय. तेव्हा तिनं जे तोंडात मारल्यासारखं बघितलं ते सांगण्यात अर्थ नाही. पण १६० किलो मला उठवता आले, गुडघ्यानं फक्त कुरकूर केली, आणि त्या दिवसापासून एकट्यानं बाहेर पडायची भीती गेली. कागदावरच्या ताकदीच्या आकड्यांपेक्षा साठीच्या माणसानं हा एक प्रयोग करावा. शोरूमवाले करू देत नाहीत, मी विचारून बघितलंय.

पठारावर पोचलो तर वारा. सगळीकडं पवनचक्क्या, पात्यांची सावली गवतावरून सरकत जाते आणि मागून एक जाड घुंघुं आवाज येत राहतो. इथं बाजू उलटली. माझी गाडी वाऱ्यानं हेलकावे खायला लागली, मी हँडल घट्ट धरलं तर आणखी डुलायला लागली. मूठ सैल सोडली, पुढं वाकलो, वेग चाळीसवर आणला, मग ठीक. उभी करतानाही तोंड वाऱ्याकडं करून गिअरमध्ये ठेवली, कारण बाजूनं झोत आला तर स्टँडवरची हलकी गाडी पलटी मारू शकते. मेहुण्यानं आपली गाडी कशीही लावली आणि वाऱ्यात उभा राहून मला म्हणाला, “दाजी, धरू का तुमची?” झालेल्या अपमानाची वसुली त्यानं अशी केली.

एक गुराखी म्हातारा काठी टेकत आला. “कुनीकडचं पावनं?”

“सांगलीचं.”

“हिकडं काय काम काढलं?”

काही काम नाही, फिरायला आलो म्हटल्यावर त्यानं आमच्या वयाकडं, हेल्मेटांकडं आणि गाड्यांकडं आळीपाळीनं बघितलं. मग एकदम मुद्द्याचं बोलला, “पाटनकडं उतरताना ब्रेक धरून नगा ऱ्हाऊ, तापत्यात.”

त्याचं ऐकलं. गिअर खाली ठेवून इंजिनाच्या रेट्यावर उतरलो, ब्रेक फक्त वळणाआधी. इथंही कमी वजन कामाला आलं. उतारावर गाडीचा रेटाच कमी असतो. पाटणहून कोयनेच्या खोऱ्यात शिरलो आणि झाडी दाटली.

कोयनानगरला नेहरू उद्यानातून धरण समोर दिसतं. १०३ मीटर उंची, १०५ टीएमसी पाणी. आमच्या सांगलीत पुराच्या दिवसांत रिक्षावाल्यापासून सगळ्यांना कोयनेचा विसर्ग तोंडपाठ असतो, पण ते पाणी अडवणारी भिंत पाहिलेले थोडेच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथं भूकंप झाला तेव्हा मी सहा वर्षांचा. सांगलीत आमच्या घरातली फडताळातली भांडी खाली आली होती आणि आजीनं मला वाकळेसकट उचलून अंगणात आणलं होतं. पुढं कित्येक वर्षं घरात ‘भूकंपाच्या आधी’ आणि ‘भूकंपानंतर’ असंच बोलायचे. इथल्या लोकांची घरं गेली, माणसं गेली. लॉजच्या म्हाताऱ्या मालकानं आपल्या वडिलांची पडलेली घरभिंत कुठं होती ती जागा हातानं दाखवली आणि लगेच जेवायला कधी वाढू ते विचारलं.

चौथा दिवस: कोयनानगर ते सांगली

पाटण, मल्हारपेठ, कऱ्हाड. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात आणि काटकोनात वळून एक होऊन निघतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी शाळेची सहल आलेली, पोरांना पाण्यात रस होता, मास्तरांना भाषणात. आम्ही घाटाच्या पायरीवर बसून उरलेले पेढे संपवले.

कऱ्हाडच्या बाहेर मेहुण्यानं अचानक गाड्या बदलायची टूम काढली. मी त्याच्या गाडीवर बसलो. इंजिनाचा तो गुळगुळीत आवाज, खोल सीट, पुढं पसरलेली टाकी. हायवेला लागल्यावर पाच मिनिटांत शंभरला गेलो आणि कळलंही नाही. जुन्या घरात गेल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही; मस्त वाटलं, एवढंच. मग एका वळशावर सगळी वाहनं थांबली, खडीत, थोड्या उतारावर, पुढं उसाची ट्रॉली अडकलेली. दर दोन मिनिटांनी गाडी हातभर पुढं घ्यायची, पुन्हा पाय रोवायचे. अर्ध्या तासात उजवा गुडघा फुगला. पेठ नाक्यावर उतरलो तेव्हा मी लंगडत होतो आणि मेहुणा कुठं दिसेना. तो खडीच्या कडेकडेनं, ट्रॅक्टरच्या बाजूनं वाट काढत केव्हाच पुढं येऊन अख्खा मसूर मागवून बसला होता. “मर्दा, एवढा वेळ?” दाजी म्हणायचंही विसरला.

अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी, कांदा, ताक. इकडच्या ढाब्यांवर मसूर न भरडता अख्खाच शिजवतात, रस्सा दाट, तेल बेताचं सांगावं लागतं. गुडघ्याला मलम लावून अर्धा तास पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला. गाड्या परत बदलल्या. त्यावर चर्चा झाली नाही.

आष्ट्यापासून सांगलीपर्यंत पुन्हा ट्रॉल्याच ट्रॉल्या. उसाच्या मळकट रसाचे थेंब, माती आणि पाचटाचा भुगा चेनला चिकटून राहतो, तो तसाच ठेवला तर चेन लवकर झिजते. म्हणून घरी आल्यावर आधी चेन डिझेलनं धुऊन पुसली, तेल लावलं, मग आंघोळ.

सौ.ला पुढच्या आठवड्यात म्हसवडला जायचंय, मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ असतो. माझ्यामागं बसून येणार नाही म्हणते; मोठ्या गाडीची मागची सीट तिला मानवली होती, रोनिनची अरुंद वाटते, आणि यात ती चूक नाही. “सीट नीट करून घ्या, मग बघू. तोवर मी एसटीनं.” मिरजेत गाड्यांच्या सीटा शिवून देणारा एक कारागीर मिळालाय. दोन इंच फोम आणि मागं थोडी रुंदी, तीन दिवसांत देतो म्हणालाय. उंची वाढू देऊ नको, पुढचा भाग आहे तेवढाच राहू दे, हे मी त्याला दोनदा सांगून ठेवलंय.